सभ्य रंगाची होडी

बाबांच्या दोन हातांचा रंग कधी सारखा नसे. उजवा हात त्या आठवड्यात चाललेल्या घराच्या रंगाचा असे आणि डावा मागच्या आठवड्यातल्या घराच्या. जेवायला बसण्याआधी ते घासलेटाचा बोळा घेऊन फक्त उजवा हात पुसत. डाव्याचं काय, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तो कुठं जेवतो?" त्यामुळे नवापुरात ते ज्या ओट्यावर टेकत, ज्या घरी चहा घेत, तिथं आपली बोटं ठेवून येत. तीन घरं सोडून राहणारी त्यांची मुलगी संध्याकाळी त्यांना शोधायला निघाली की माणसांना विचारत बसत नसे. दारांच्या चौकटींना हात लावत जायची. "हा ओला हाय," म्हणायची, "म्हंजे आत्ताच उठलेत."

ते माझे घरमालक. सगळी आळी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. होड्या, घरं, दारं, खिडक्या, कपाटं, पाळणे, जे लाकडाचं किंवा भिंतीचं असेल ते रंगवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या गमती सांगून मी आजवर बऱ्याच माणसांना हसवलं आहे, आणि दर वेळी एक गोष्ट गाळली आहे. आज ती गाळायची नाही असं ठरवून बसलो आहे. किनाऱ्यावरचा माणूस आपली होडी रंगवायला वाटेल त्याच्या हातात देत नाही. गावातल्या निम्म्या होड्यांना बाबांचा हात लागलेला होता. त्या हातावर गावाचा विश्वास होता, आणि म्हाताऱ्याकडे त्याहून मोठं असं दुसरं काही नव्हतं. माझ्यामुळे तो विश्वास उडाला. उडाला तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि गप्प होतो.

गोष्ट सन सहासष्ट-सदुसष्टची. मी चोवीस वर्षांचा, नगर जिल्ह्यातल्या एका माळकरी मास्तरांचा मुलगा. बोईसरजवळ वीजघराच्या वसाहतीचं बांधकाम चाललं होतं आणि तिथल्या एका ठेकेदाराच्या गुदामात मी कारकून म्हणून लागलो होतो. राहायला जागा मिळेना. सरावली, कुंभवली, जिथं जावं तिथं एका खोलीत आठ-आठ कामगार. शेवटी एका वेल्डरनं सांगितलं, "नवापूर में एक बुड्ढा है, कमरा दे देगा. लेकिन पहले कुर्सी पे बिठाएगा." मी म्हटलं, त्यात काय झालं? तो म्हणाला, "वो उठने के बाद पता चलता है." आणि त्यानं वळून आपली पाठ दाखवली. त्याच्या खाकी विजारीवर आकाशी रंगाचे दोन मोठे गोल होते.

म्हणून बाबांनी "बसा सायब" म्हटलं तेव्हा मी बसलोच नाही. तासभर उभ्याउभ्या बोललो. खोली मला मिळाली. "उभं राहणारा भाडेकरू बरा," ते मुलीला म्हणाले, "खुर्चीचा रंग टिकतो."

त्या घरात एकही वस्तू एका रंगाची नव्हती. डब्याच्या तळाशी उरलेला रंग टाकायचा नाही, हा बाबांचा नियम. उरला की तो घरातल्या कशावर तरी चढे. खुर्चीचे चार पाय चार घरांचे असत. "हा पाय तलाठ्याचा, हा शिंप्याचा," असं ते सांगत. माजघरात दोन दारांचं एक कपाट होतं. सागाचं असावं. असावं म्हणतो, कारण त्याचं लाकूड मी कधी पाहिलंच नाही. दर वर्षी ते थोडं जाड होई. दारं लागेनाशी झाली की बाबा रंग खरवडत नसत, बिजागऱ्या पुढं सरकवत. त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता आणि तिथं कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रंग एकाखाली एक दिसत. त्यावर बोट फिरवत ते मला शिकवत.

"सगळ्यात खाली गेरू. तेवा रंग म्हंजे काय, लाकडाला गेरू नि भितीला चुना. चुन्यात नीळ घातली तर तो श्रीमंत. मग आला हिरवा. शाळा हिरवी, दवाखाना हिरवा, फौजदाराचं टेबल हिरवं. मग चॉकलेटी. त्यात एक खूळ निघालं. लाकडाला चॉकलेटी रंग लावायचा, नि तो ओला असताना फणीनं त्यावर लाकडाच्या रेघा वढायच्या. लाकूड झाकायचं नि वरती लाकूड काढायचं! मी काढलं. चार वर्सं काढलं. माझ्या बायकोची फणी गेली त्यात. मग आकाशी. मग गुलाबी."

गुलाबीची हकीगत त्यांना फार आवडे. पालघरच्या एका वकिलानं लेकीच्या लग्नाला सगळा बंगला गुलाबी केला होता. त्यानंतर डॉक्टरनं केला, मग बोईसरच्या वाण्यानं दुकानाच्या फळ्या केल्या. बाबांचं म्हणणं असं, की पालघरात दसऱ्याला लागलेला रंग बोईसरला संक्रांतीला पोचतो आणि नवापूरला पुढच्या वैशाखात. "यष्टी असून इतका वेळ लागतो," ते म्हणत, "चालतच येत असंल."

कुठलंही घर रंगवायला घेण्याआधी ते एक आख्खा दिवस त्या घरासमोर नुसते बसून राहत. घरातली माणसं आधी चहा देत, मग जेवण देत, आणि दुपारनंतर अस्वस्थ होत. "बाबा, कायतरी करा ना." "करतोय की," ते म्हणत आणि विडी पेटवत. तारापुरात दोन सख्ख्या भावांची भिंतीला भिंत लागून घरं होती आणि त्यांच्यात बोलणं बंद होतं. धाकट्यानं बाबांना बोलावून सांगितलं, माझं दार थोरल्याच्या दारापेक्षा झगझगीत पाहिजे. संध्याकाळी थोरल्यानं बोलावून तेच सांगितलं. बाबांनी एकाच डब्यातला रंग दोन्ही दारांना दिला आणि दोघांनाही म्हणाले, तुझंच झगझगीत झालंय. दोघे खूष. मी विचारलं, "आणि त्यांनी दारं शेजारी शेजारी बघितली तर?"

"ते एकमेकाच्या दाराकडं बघतात व्हय?" बाबा म्हणाले. "त्याचंच तर भांडण हाय."

आता माझ्या भागाकडे येतो.

आमच्या गुदामात एका रंगकंपनीची कार्डं आली होती. उघडलं की घडी उलगडत जाई आणि बोटाच्या पेराएवढे शंभरेक चौकोन एकाखाली एक दिसत. त्यातलं एक जास्तीचं कार्ड मी बाबांना आणून दिलं. त्यांनी ते लगेच घेतलं नाही. आत गेले, घासलेटाचा बोळा घेतला आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांनी दोन्ही हात पुसले. मग ते कार्ड घेऊन ओट्यावर बसले ते दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सायब, ह्याखाली काय लिवलंय?" मी इंग्रजी नावं वाचून दाखवली. निम्म्यांचा अर्थ मलाही कळत नव्हता, पण तसं सांगायची लाज वाटली म्हणून मी भराभर वाचत सुटलो. बाबांनी सगळी ऐकून घेतली आणि मान हलवली. "ज्यानं ही नावं ठेवली त्यानं रंग बघितले नायत."

मग त्यांनी स्वतः नावं ठेवली. आठ-दहा दिवस ते काम चाललं होतं. पांढऱ्याजवळचा जो होता तो 'पापलेटचं पोट'. त्याच्या शेजारचा किंचित पिवळट 'कालची साय'. गुलाबी दोन होते, त्यातला फिका 'ओली कोलंबी' आणि भडक, शेंदराकडे झुकणारा 'शिजली कोलंबी'. तपकिरी 'सोडे', म्हणजे सुकवलेली कोलंबी. एक निळा 'दुपारची खाडी'. दोन पिवळे इतके सारखे होते की मला फरक कळेना. बाबांनी एकाला 'माहेरची हळद' म्हटलं आणि दुसऱ्याला 'सासरची'. "सासरची जरा फिकी," ते म्हणाले, "पुरवून वापरतात." मी मासे खात नव्हतो. मला मासे कळले ते त्या कार्डावरून.

आळीतल्या बायका येऊन कार्ड बघून जात. "बाबा, माझ्या खिडकीला सोडे लावा." "नको गो, तुझी भित काळी, सोडे दिसायचे नायत. तू खाडी लाव." असं चाले. सगळ्या चौकोनांना नाव मिळालं, एक सोडून. कार्डाच्या अगदी तळाशी राखाडी रंग होता.

तो राखाडी म्हणजे आमच्या वसाहतीचा रंग. पहिल्या चार इमारती नुकत्याच त्या रंगात उभ्या राहिल्या होत्या. मोठ्या चौकोनी भिंती, पांढऱ्या कडा, कुठं नक्षी नाही, ठिपका नाही. मी रोज सायकलवरून येताना त्या बघे आणि मला वाटे, हे खरं. मी ज्या घरात वाढलो त्या घराच्या भिंतींना शेणाचा रंग होता, आणि मला लवकरात लवकर मोठा, शहाणा माणूस व्हायचं होतं. गुदामातलं माझं टेबल मी हट्टानं राखाडी करून घेतलं होतं. बाबांच्या घरातल्या त्या चार रंगांच्या खुर्चीवर बसून पत्र लिहिताना मला मनातून शरम वाटे. हे मी त्या वेळी कुणापाशी बोललो नव्हतो.

चैत्रात बाबांच्या जावयानं घर रंगवायचं काढलं. तीन घरं सोडून राहणारी मुलगी म्हणालो ना, तिचाच नवरा. तो स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, हसरा, नव्या गोष्टींचा भारी शौकीन, गावात ट्रान्झिस्टर पहिल्यांदा त्यानं आणलेला. आम्ही त्याच्या ओट्यावर कार्ड उघडून बसलो होतो.

"मला कालनीसारखं पायजे," जावई म्हणाला आणि त्यानं तळाच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्याला नाव नाय," बाबा म्हणाले. "ह्याची नि माझी वळख नाय. तू शिजली कोलंबी घे."

मी मध्ये पडलो. मला कुणी विचारलं नव्हतं. "बाबा, तो सभ्य रंग आहे."

"सभ्य म्हंजे?"

"म्हणजे जो ओरडत नाही."

"रंगानं वरडू नाय तर काय कुजबुजावं?"

मुलगी खुदकन हसली. ते हसणं मला लागलं. मग मी जे बोललो ते आजही मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणालो, "तुमच्या ह्या लाल-पिवळ्या दारांनी गाव जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानासारखं दिसतं. आता इथं शिकलेली माणसं राहायला येणार आहेत. ती काय म्हणतील? सुधारलेल्या माणसाचं घर शांत दिसतं, बाबा."

जावई मान खाली घालून म्हणाला, "सायब बोलतात ते बरोबर हाय." बाबांनी कार्डाची घडी घातली, ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं. सभ्य तर सभ्य."

रविवारी पालघरच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. दुकानदाराला त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "दोन डबे सभ्य द्या." त्या बिचाऱ्यानं तीन फळ्या धुंडाळल्या, पोऱ्याला वर चढवलं, मग विचारलं, कुठल्या कंपनीचा? बाबा म्हणाले, "ते ह्यांना इचारा." मी घाईघाईनं कार्ड काढून दाखवलं. परतीच्या वाटेवर एस.टी.त ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, थकले असतील.

घर मात्र त्यांनी असं रंगवलं की काय सांगावं. राग आला म्हणून कामात कसर करणाऱ्यातले ते नव्हते. तीन हात दिले, एक ओघळ नाही, कुंचल्याची एक रेघ नाही. घर खरोखर वसाहतीतून उचलून आणल्यासारखं दिसू लागलं. मी येता-जाता थांबून बघे. त्यानंतर आळीत आणखी दोन घरं सभ्य झाली, आणि माझी छाती फुगली.

ज्येष्ठात मला टायफॉइड झाला आणि मी गावी गेलो. परत आलो तो नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. किनाऱ्यावर होड्या उतरवायची गडबड चालली होती. लाल, हिरव्या, पिवळ्या होड्यांच्या रांगेत मध्येच एक राखाडी होडी उभी होती.

"ही कुणाची?" मी बाबांच्या मुलीला विचारलं.

"कुणाची म्हंजे? आमची."

"पण राखाडी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाणी ओलं का आहे असं विचारलं होतं. "घर नि होडी येकाच डब्यातली असतात सायब. दर्यावरनं येताना ह्यांना आपलं दार दिसतं, दारातनं मला ह्यांची होडी दिसते. तुमाला ठाव नव्हतं?"

मला ठाव नव्हतं. दोन वर्षं त्या आळीत राहून मी रंगांची नावं पाठ केली होती आणि रंग तिथं का लावतात हे एकदाही विचारलं नव्हतं. पण मी म्हणालो, "छान दिसते."

त्यानंतर दहा-बारा दिवसांची गोष्ट. आभाळ भरून आलेलं होतं, पाऊस नव्हता, वारा होता. बाकीच्या होड्या संध्याकाळपर्यंत आल्या. जावयाची आली नाही. तिच्यावर तिघे होते. तो, त्याचा चुलतभाऊ, आणि शेजारच्या म्हातारीचा मुलगा. दुसऱ्या दिवशी सात होड्या शोधायला गेल्या आणि तशाच परत आल्या. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. बाबांची मुलगी दारात उभी होती. पाण्याचा, आभाळाचा आणि तिच्या मागच्या भिंतीचा रंग एकच होता. बाबा त्या भिंतीला पाठ लावून बसले होते आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी डहाणूकडची एक होडी तिला दोरानं ओढत घेऊन आली. तिघेही धडधाकट. जावई तर वाळूत उतरला तोच भात मागत उतरला. सगळं गाव भोवती जमलं, आणि तो घास घेत सांगू लागला. डोलकाठी मोडली, शिडासकट पाण्यात गेली, नुसती होडी उरली.

"दोन होड्या बाजूनं गेल्या गो! इतक्या जवळनं, की त्यांचा तांडेल विडी वढत व्हता ते दिसलं. आमी वरडलो, पण वारा उलटा. मग लुंग्या सोडल्या नि हलवल्या."

"मग?"

"मग काय! लुंगी वाऱ्यानं गेली. दिवसभर तसाच राह्यलो."

माणसं हसून हसून वाकली. चुलतभाऊ म्हणाला, पातेलं बडवलं म्हणून तिसऱ्या होडीला ऐकू तरी गेलं, दिसलो आम्ही त्यांनाही नव्हतो. पाणी तसलं, आभाळ तसलं, नि आम्ही तसलेच. पातेल्याचा तळ गेला.

हसू थांबलं. म्हातारी, जिचा मुलगा त्या होडीत होता, गर्दीतून पुढं आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. "तू रंग लावलास का पोरांना पुसून टाकलंस रे?"

बाबांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

मी दहा पावलांवर सायकल धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. रंग माझा होता, एवढंच. बाबा माझ्याकडे बघतील असं मला वाटलं, आणि बघितलं असतं तर कदाचित मी बोललोही असतो. त्यांनी बघितलं नाही. मी सायकलवर बसलो आणि कामावर गेलो.

नंतरचे आठ दिवस आळीत कुणी बाबांना काम सांगितलं नाही. वाईट कुणीच बोललं नाही. चहा मिळत होता, तंबाखू मिळत होती. पण ज्यांच्या होड्यांना कुठं टवका उडाला होता त्यांनी तो आपल्या हातानं बुजवला. दोन सभ्य घरांवर चुना फिरला. बाबांचे कुंचले घासलेटाच्या डब्यात तसेच उभे होते, घासलेट उडून गेलं आणि केस दगडासारखे झाले. आठव्या दिवशी ते जेवायला बसले तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांचे दोन्ही हात सारखेच झाले होते. स्वच्छ, म्हाताऱ्या माणसाचे हात.

दुसऱ्या दिवशी मी सरावलीपासून नवापूरपर्यंत सायकलवर भाषण पाठ करत आलो. जावयाच्या ओट्यावर जाळी विणायला माणसं बसली होती. जावई, त्याची बायको, म्हातारी, आणि कडेला बाबा. मी सायकल टेकवली आणि उभ्यानंच बोललो. राखाडी रंगाचा आग्रह मी धरला होता, बाबांचा त्याला विरोध होता, त्यांच्यावर आलेला दोष सर्वस्वी माझा आहे, त्या दिवशी मी भित्रेपणानं गप्प राहिलो, वगैरे.

कुणाची सुई थांबली नाही. जावई म्हणाला, "येवढं भाषण कशापायी सायब? बसा ना."

बाबांची मुलगी म्हणाली, "सभ्य हा शब्द ह्या आळीत तुमच्याआधी कोण बोललं व्हतं? सगळ्यांना ठाव हाय."

"मग सगळे बाबांनाच का दोष देता?"

म्हातारीनं जाळ्यावरून मान वर केली. "तुला काय देऊ? तू नगरचा. तुला दर्यातलं काय कळतं? त्याला कळत व्हतं."

ते मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. मी बाबांकडे पाहिलं. ते बोलले ते माझ्याशी नाही, जाळ्याशी.

"होडीला नवा रंग दिला की पयल्या फेरीला मी वाळूत उभा राहतो. ती जाते, मी बघतो. कुठं हरवते ते बघतो. लवकर हरवली तर माघारी बोलवायची नि पांढरा नायतर पिवळा पट्टा मारायचा. चाळीस वर्सं उभा राह्यलो. ह्या येळी नाय राह्यलो. सायबांवर रुसलो व्हतो. घरात बसून राह्यलो. रंग त्यांचा असंल, पण बघायचं काम माझं व्हतं."

आता मात्र सुया थांबल्या. ही गोष्ट आळीला ठाऊक नव्हती. म्हातारी बाबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला बहुधा आम्ही दोघे सारखेच दिसलो.

"मग करा आता," ती माझ्याकडे बोट करत म्हणाली. "ह्यानं होडीत बसावं. त्यानं बघावं."

नवा रंग बाबांनी मला निवडायला लावला. मी म्हटलं, मला नका सांगू. ते म्हणाले, "धरा बोट." मी कार्ड उलगडलं आणि डोळे मिटावेत तसं शिजल्या कोलंबीवर बोट ठेवलं. मग जावयाचं घर आणि होडी, दोन्ही एका डब्यातून रंगवली. खालचा राखाडी घासायला मी होतो, दुसरा हात द्यायलाही मी होतो. मी मारलेला प्रत्येक फराटा बाबांनी माझ्या देखत पुसून पुन्हा मारला. जावयानं नवी डोलकाठी बसवली.

होडी तयार झाली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. मी म्हटलं, निघू या. बाबा म्हणाले, "आज कोणबी दिसंल." दुसऱ्या दिवशीही ऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उतरून आलं, भुरभुर सुरू झाली आणि समुद्राला तो माझा आवडता रंग चढला. बाबांनी दारावर थाप मारली. "चला सायब."

मी त्याआधी होडीत कधी बसलो नव्हतो. पाण्याची भीती मी कुणाला सांगितली नव्हती आणि ती सांगण्याची ही वेळ नव्हती. जावई शीड सोडताना गुणगुणत होता. किनाऱ्यावर बाबा एकटे उभे होते, सदरा, डोक्याला फडकं. थोड्या वेळानं ते बोटाएवढे झाले, मग तांदळाएवढे, मग नव्हतेच. जावयानं शीड उतरवलं, म्हणाला, "त्या दिवशी असेच पडलो व्हतो," आणि तो विडी ओढत बसला. शीड नसलेली होडी एका जागी राहत नाही, पुढंही जात नाही. ती डोलते. माझं सकाळचं जेवण गेलं, मग आदल्या रात्रीचं गेलं. मधल्या वेळात मी मान वर करून किनारा शोधत होतो. तिकडं एक काळी रेघ होती आणि तिच्यावर पाऊस. बाबांचे गुडघे दुखत. पावसात त्यांना इतका वेळ उभं राहवणार नाही. ते परत गेले असतील, आणि जावेतच, असं मी स्वतःला सांगत होतो. पण मला फार एकटं वाटलं. त्या तिघांना दोन दिवस कसं वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

आम्ही परत आलो तेव्हा भरती चढली होती. बाबा जिथं उभे होते तिथंच होते. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. मागं म्हातारी उभी होती, तीही भिजलेली, आणि तिनं आपली फाटकी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली होती. मी होडी लागण्याआधीच पाण्यात उडी टाकली, पडलो, उठलो आणि त्यांच्यापाशी पोचलो.

"बाबा," मी विचारलं, "कुठं हरवलो आम्ही?"

"हरवतोस कुठं?" बाबा म्हणाले. "दिसत व्हतास. वाकून वाकून ओकत व्हतास, ते बी दिसत व्हतं."

जावई होडीत खो खो हसत सुटला. म्हातारीनं छत्री मिटली, तिच्यातलं पाणी झटकलं आणि बाबांना म्हणाली, "उद्या माझं दार घे रंगवायला."

"रंग कुठला?"

"तुला वाटंल तो," म्हातारी म्हणाली. "फक्त ह्याला इचारू नको."